बंद झाकणाची बॅटरी

जुन्या मोटारगाडीला नवी बॅटरी घेणे ही गोष्ट ती केवढी, आणि तिच्यावर लेख तो काय लिहावयाचा, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. २०२१ साली मीही तसेच म्हटले असते. त्या साली मी अशी एक बॅटरी विकत घेतली. पंधरा मिनिटांत घेतली आणि फार शहाणपणाने घेतली अशा समजुतीत घरी आलो. त्या पंधरा मिनिटांची किंमत पुढे माझ्या थोरल्या बहिणीने मोजली. म्हणून दुसऱ्या वेळी बॅटरी निवडण्यास मला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत जे शिकलो ते सांगावेसे वाटते.

आमचे बिऱ्हाड खातेगांवचे. इंदूरहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कन्नोदच्या पुढे हे गाव लागते. आज ते देवास जिल्ह्यात मोडते. पूर्वी हा मुलूख होळकर संस्थानाच्या नेमावर जिल्ह्यात होता. संस्थानी नोकरीच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे माळव्यात ठिकठिकाणी विखुरली आणि तेथेच रुजली, त्यांतलेच आमचे एक. घरात मराठी, दाराबाहेर माळवी आणि शाळेत हिंदी, अशा तीन बोलींत आमचे बालपण गेले. गावाच्या दक्षिणेस चौदा-पंधरा किलोमीटरांवर नर्मदेच्या उत्तर तीरी नेमावर आहे. सिद्धेश्वराच्या प्राचीन देवळाचे ते गाव. पूल ओलांडला की पलीकडे हंडिया, आणि आणखी पुढे हरदा. माझी अक्का लग्न होऊन नेमावरास गेली, आणि मेहुण्यांच्या पश्चातही तिने ते घर सोडले नाही.

गाडी आमच्या नानांची. नाना गावात डॉक्टरकी करीत. १९७३ साली त्यांनी इंदुरास एक वापरलेली फियाट ११०० विकत घेतली. ती १९६६ सालची. त्या काळी नव्या फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि म्हणून वापरलेल्या गाडीलाही भलताच भाव येई. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी ह्या गाड्या बनवीत असे. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये स्थापिलेली ती कंपनी. हीच गाडी पुढे थोड्याफार फेरफाराने 'पद्मिनी' ह्या नावाने घरोघरी झाली, मुंबईत काळीपिवळी टॅक्सी होऊन मिरवली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तेथील रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून निवृत्तही झाली. आमची मात्र अद्याप निवृत्त झालेली नाही. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि वीज निर्माण करावयास आजकालच्या अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचा डायनमो. ह्या डायनमोकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे, कारण सगळी गोष्ट पुढे त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

नानांचा एक नेम होता. रविवारी सकाळी दवाखाना बंद असे. ते बॉनेट उघडीत, बॅटरीची सहाही बुचे काढून एका ओळीत पाटावर मांडीत, आणि काचेच्या पिचकारीने प्रत्येक घरातले आम्ल वर ओढून पाहत. पिचकारीत एक तरंगता काटा असे. तो १.२६ च्या आसपास तरंगला की बॅटरी भरलेली. खाली बुडत गेला की उपाशी. जेथे पट्ट्या उघड्या पडू लागल्या असतील तेथे डिस्टिल्ड वॉटर घालावयाचे. विहिरीचे पाणी मी एकदा आणून दिले तेव्हा त्यांनी ते तुळशीत ओतले आणि म्हणाले, "त्यातले क्षार रोग्यालाही नकोत आणि बॅटरीलाही नकोत." पाणी घातल्यावर बॅटरीला नीट चार्जिंग मिळावे म्हणून गाडी लांबवर फिरवून आणावयाची. आमची लांबची फेरी म्हणजे नेमावर. नाना अक्काच्या ओसरीवर अर्धा तास बसत, चहा घेत, नातवंडांचे घसे तपासत, आणि परत येत. ती भेट बॅटरीसाठी होती की बॅटरी भेटीसाठी होती, हे मला कधी कळले नाही. त्यांना विचारण्याचेही सुचले नाही.

१९९४ साली नाना गेले. गाडी माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर तो नेमही आला. मी शाळामास्तर, नोकरीत असताना आणि निवृत्त झाल्यावरही रविवारची ती फेरी मी सहसा चुकविली नाही. परंतु साठी उलटल्यावर बुचे आणि पिचकारी ह्यांचा मला कंटाळा येऊ लागला. आम्लाच्या थेंबांनी सदऱ्यांना भोके पडत. बॅटरीखालचा पत्रा गंजून पोखरला होता. त्यातून २०१९-२० च्या सुमारास बॅटरीची तहान फारच वाढली. पूर्वी महिना-महिना पाणी लागत नसे, ते आता पंधरा दिवसांनी घालावे लागे. मी कुरकुर करीत घालीत असे. तहान का वाढली असावी, हा प्रश्न डॉक्टरच्या मुलाला पडावयास हवा होता; तो पडला नाही.

मुलगा पुण्यास नोकरीला आहे. तो म्हणाला, "बाबा, हल्ली सीलबंद बॅटरी मिळते. पाणी नाही, बुचे नाहीत. बसवा आणि विसरून जा." हा शेवटचा शब्द मला फार गोड लागला. इंदुरास गेलो असता एका दुकानात शिरलो, ट्रेमध्ये बसेल अशी सीलबंद बॅटरी मागितली आणि घेऊन आलो. तिच्या माथ्यावर काचेचा एक लहानसा डोळा होता. दुकानदाराने सांगितले, "डोळा हिरवा तर सगळे ठीक. काळा झाला तर चार्ज करा. पांढरा झाला तर बदला." ह्याहून सोपा व्यवहार तो कोणता?

बॉनेट उघडण्याचे कारण उरले नाही, आणि त्याचबरोबर रविवारी गाडी बाहेर काढण्याचेही कारण उरले नाही. पहिले काही महिने मी सवयीने नेमावरास गेलो. मग पाऊस म्हणून एक रविवार चुकला, लग्नसराई म्हणून दोन चुकले. घरोघरी मोबाइल झालेलाच होता. मी सकाळी फोन करी, "अक्का, कशी आहेस?" ती म्हणे, "मी बरी आहे. तू तुझी काळजी घे." मीही समाधानाने फोन ठेवी. अधूनमधून शेडमध्ये जाऊन बॉनेट किंचित उचली आणि तो डोळा पाही. तो हिरवा असे.

२०२३ च्या श्रावणातली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमारास नेमावरहून अक्काच्या शेजाऱ्यांचा फोन आला. अक्का मागच्या दाराच्या पायरीवरून पडली होती; तिला उठता येत नव्हते आणि पाय हलविला की ती ओरडत होती. रुग्णवाहिकेला फोन केला तर ती दुसऱ्या रुग्णास घेऊन दूर गेलेली. "तुम्ही गाडी घेऊन या," ते म्हणाले. मी धावत शेडमध्ये गेलो. त्याच संध्याकाळी सहज डोळा पाहिला होता, हिरवा होता. किल्ली फिरविली. स्टार्टरने एक उसासा टाकला आणि तो थांबला. पुन्हा फिरविली. समोरचे दिवे तांबूस होऊन विझत आले. तिसऱ्या वेळी तेवढेही नाही.

ढकलून सुरू करावी तर आमची शेड अंगणाहून हातभर खोल आहे, आणि अंगणात घोट्याएवढा चिखल. नऊ क्विंटलांच्या आसपास वजनाची ती गाडी. ढकलणारी आम्ही दोन म्हातारी माणसे. चाके जागच्या जागी झुलत राहिली. शेवटी गल्लीतल्या एका धान्य-व्यापाऱ्याला उठविले. त्या भल्या माणसाने आपला पिकअप काढला, त्यातली पोती उतरविली, आणि आम्ही निघालो. ह्या सगळ्यात सव्वा तास गेला. तो सव्वा तास अक्का ओल्या फरशीवर पडून होती. शेजारणीने तिच्या अंगावर गोधडी घातली होती आणि डोके मांडीवर घेतले होते. त्या पिकअपमध्येच गादी टाकून तिला आम्ही नर्मदेच्या पुलावरून हरद्यास नेले. मांडीचे हाड खुब्याजवळ मोडले होते. पुढे इंदुरास शस्त्रक्रिया झाली.

इंदूरला तिच्या उशाशी बसलो असता मी गाडीची सगळी हकीकत सांगून क्षमा मागू लागलो. अक्का म्हणाली, "गाडीचं काही नाही रे बाळ. तासाभरानं काय होतंय? ती मागची पायरी होळीपासून डुगडुगत होती. तू रविवारी आला असतास तर तुझ्या पायाखाली आली असती. फोनवर कशी सांगू? पायरीसाठी का कुणी फोन करतं?"

ह्यावर मला काही बोलता आले नाही.

अक्काला घरी सोडल्यावर मी खातेगांवच्या मिस्त्रींकडे गेलो. मोटारीच्या विजेचे काम करण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही. त्यांनी बॅटरीला मीटर लावला. काटा १०.५ व्होल्टवर थांबला. ते म्हणाले, "माट्साब, एक घर गेलं." बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे एकापुढे एक जोडलेली सहा घरे, प्रत्येक घर भरले म्हणजे सुमारे २.१ व्होल्ट देते आणि सहांचे मिळून १२.६ होतात. त्यातून एक वजा केले की साडेदहा. मी विचारले, "मग डोळा हिरवा कसा?" मिस्त्री हसले. "आँख तो एक घर की है, माट्साब. घर छह हैं." तो काचेचा डोळा म्हणजे नानांच्या पिचकारीतल्या काट्याचाच धाकटा भाऊ, आम्लात तरंगणारी एक लहानशी गोळी. ती एकाच घरात बसविलेली असते आणि त्या एका घराचेच वर्तमान सांगते. उरलेल्या पाचांत काय चालले आहे ते तिला ठाऊक नसते.

मग त्यांनी दुसऱ्या एका गाडीची बॅटरी जोडून आमचे इंजिन सुरू केले आणि वेग वाढवून पुन्हा मीटर पाहिला. तो १५.२ दाखवीत होता. तेव्हा कोठे मला त्या जुन्या बॅटरीच्या तहानेचा अर्थ समजला.

तो अर्थ थोडक्यात सांगतो. शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल ह्यांची ही बॅटरी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लांते ह्याने १८५९ साली प्रथम सिद्ध केली. मूळ तत्त्व आजही तेच आहे. वीज खर्च होते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते आणि आम्ल पातळ होते. वीज आत घातली की हे सर्व उलट होते. परंतु भरलेल्या बॅटरीत वीज कोंबीतच राहिले, म्हणजे दाब सुमारे साडेचौदा व्होल्टच्या पलीकडे चढू दिला, तर ती वीज पाणीच फोडू लागते. हायड्रोजन आणि प्राणवायू होऊन पाणी उडून जाते. दाब आवरण्याचे काम रेग्युलेटरचे. आमच्या गाडीत तो लोखंडी डबीतला आहे. स्प्रिंग आणि चांदीसारख्या चकचकीत ठिपक्यांची उघडझाप होऊन तो डायनमोला लगाम घालतो. पन्नास वर्षांनी स्प्रिंग सैल झाली, ठिपके झिजले आणि लगाम सुटला. बुचांची बॅटरी ह्याबद्दल तक्रार करीत होती. दर पंधरवड्यास पाणी मागणे हीच तिची तक्रार. मी काय केले? तक्रार करू न शकणारी बॅटरी आणून बसविली. दोष जागच्या जागी राहिला. फक्त तो ऐकू येईनासा झाला. बंद घरातले पाणी आटले. ते भरून काढण्यास वाट नव्हती. त्यातच गाडी पाच-पाच आठवडे उभी; पट्ट्यांवर सल्फेटाचे खडे जमले, आणि अखेर एक घर कोसळले.

दुसरी बॅटरी घेण्यापूर्वी म्हणून मिस्त्रींनी आधी रेग्युलेटर दुरुस्त केला. ठिपके घासून, स्प्रिंग बसवून, दाब १४.२ वर आणला. ज्याच्याजवळ जुनी गाडी आहे त्याला माझे पहिले सांगणे हे, की दुकानाची पायरी चढण्यापूर्वी धावत्या इंजिनाचा दाब मोजावा. तो १३.८ ते १४.४ च्या दरम्यान स्थिर राहत असेल तरच सीलबंद बॅटरीचा विचार करावा. त्याहून वर जात असेल तर कितीही महाग बॅटरी घेतली तरी ती शिजून निघेल, आणि खाली राहत असेल तर उपाशी मरेल.

मग प्रश्न आला निवडीचा. 'सीलबंद' हा एक शब्द असला तरी त्याखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, हे मला प्रथमच कळले. पहिलीत आम्ल पातळच असते. पूर्वी पट्ट्यांच्या शिशाला बळकटी यावी म्हणून त्यात अँटिमनी मिसळीत. त्यामुळे पाणीही अधिक उडे आणि नुसती ठेवलेली बॅटरीही लवकर उतरे. अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरले की दोन्ही गोष्टी पुष्कळ कमी होतात. म्हणून बुचांची गरज उरत नाही. वायू निघण्यास एक बारीक वाट मात्र ठेवलेली असते. दुसरीत आम्ल काचेच्या तंतूंच्या दाट गादीत शोषून धरलेले असते. तिला एजीएम म्हणतात. तिच्यात पट्ट्यांवर निघालेला प्राणवायू आतल्या आतच पुन्हा पाण्यात मिळतो, आणि दाब अतोनात वाढला तरच एक झडप उघडते. तिसरीत आम्ल खिरीसारखे घट्ट केलेले असते, ती जेलची. जर्मनीत १९५७ च्या सुमारास ती प्रथम तयार झाली.

जेलची बॅटरी मी प्रथम बाद केली. तिला चार्जिंगच्या दाबाचे पथ्य फार कडक, आणि आमचा रेग्युलेटर कितीही सुधारला तरी वयस्कर. एजीएमचा मोह मात्र मोठा होता. ती सांडत नाही, पत्रा गंजवीत नाही, महिनोन्‌महिने उभी ठेवली तरी फारशी उतरत नाही. ज्यांची गाडी थंड जागी उभी असते, ज्यांनी उत्तम इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसविला आहे, त्यांनी तिचा अवश्य विचार करावा. परंतु खातेगांवचा उन्हाळा मी जन्मभर पाहिला आहे. मे महिन्यात सावलीतच पारा ४० च्या पुढे जातो. इंजिनाशेजारी बॉनेटखाली काय होत असेल ते सांगावयास नको. तापमान सुमारे १० अंशांनी चढले की बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. गादीतले मोजके आम्ल सुकले की ते पुन्हा ओले करता येत नाही. पातळ आम्लाच्या बॅटरीत तो साठा जरा अधिक असतो.

मिस्त्रींचे स्वतःचे मत बुचांच्या बॅटरीकडे झुकत होते. "डायनमोच्या गाडीला बुचंच बरी," ते म्हणाले, "तिची भूक-तहान डोळ्यांना दिसते." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि धडधाकट माणसाला मी आजही तोच सल्ला देईन. परंतु माझा हात आता थरथरतो. आम्लाशी खेळण्याचे वय गेले, हे कबूल करण्यात लाज वाटू नये. शिवाय आमची गाडी आठवड्यातून एकदाच निघते, आणि अशा गाडीला सावकाश उतरणारी बॅटरीच हवी. तेव्हा मी पुन्हा सीलबंदच, कॅल्शियमची, पातळ आम्लाची बॅटरी घ्यावयाची असे ठरविले. मात्र डोळे उघडे ठेवून.

दुकानात ह्या खेपेस मी वही घेऊन गेलो. ट्रेची लांबी, रुंदी आणि बॉनेटखालची उंची मोजून नेली होती. धनखुंटी कोणत्या बाजूला आहे ते चित्र काढून नेले होते, कारण खुंट्यांची बाजू उलट निघाली तर जुन्या केबली ताणाव्या लागतात, आणि ताणलेली केबल पत्र्याला घासली म्हणजे आगीला आमंत्रणच. जपानी मापाच्या कित्येक लहान बॅटऱ्यांच्या खुंट्या बारीक असतात. आमच्या गाडीचे चिमटे जुन्या, जाड खुंट्यांचे. सैल चिमट्याखाली पत्र्याचा तुकडा कोंबून काम भागविणारे मी पाहिले आहेत. ऐन वेळी तोच तुकडा दगा देतो. दुकानदाराने मोठी, अधिक अँपिअर-अवरची बॅटरी सुचविली. मी नको म्हटले. डायनमोची कमाई बेताची. इंजिन मंद चालते तेव्हा तर ती जवळजवळ शून्य. मोठा रांजण घेतला तर तो नेहमी अर्धाच राहील, आणि अर्धी भरलेली बॅटरी म्हणजे सल्फेटाला आंदण. ४५ अँपिअर-अवरची घेतली. शेवटी तिच्यावरची निर्मितीची तारीख वाचून घेतली. फळीवर वर्षभर पडून राहिलेली बॅटरी नवी असली तरी ताजी नसते.

जुनी बॅटरी मी दुकानातच जमा केली. तिच्या मोबदल्यात किमतीतून काही रक्कम वजा होते, पण मुख्य कारण ते नव्हे. शिसे हे विष आहे. ते लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालते, आणि उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणाऱ्यांच्या वस्तीत ते मातीत उतरते. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची रीतसर विल्हेवाट लावण्याचा नियम २००१ पासून आपल्याकडे आहे आणि २०२२ मध्ये तो नव्याने केला गेला. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला ती देऊन चार पैसे अधिक मिळविणे हे मास्तरला शोभले नसते.

घरी आल्यावर आणखी दोन लहान वस्तू बसविल्या. ऋणखुंटीवर एक फिरकीचे बटन. गाडी उभी केली की ते सैल करावयाचे, म्हणजे चोरून कोठे वीज गळत असेल तर ती थांबते. आणि शेडच्या भिंतीवर खुंटीला टांगलेला एक साधा डिजिटल मीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजावे. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.४ म्हणजे पाऊणभर, आणि तेथेच चार्जिंगला लावावी, १२.२ म्हणजे अर्धी, आणि आपली चूक. हा मीटर सहाही घरांचे मिळून सांगतो. डोळा अजून हिरवाच आहे. मी त्याच्याशी भांडत नाही, पण त्याच्या एकट्याच्या शब्दावर विसंबतही नाही.

वहीत आता दर रविवारी दोन आकडे लिहितो. एक सकाळचा, गाडी काढण्यापूर्वीचा, आणि दुसरा नेमावरास पोहोचल्यावर इंजिन चालू असतानाचा. त्यानंतर अक्काकडे जातो. ती आता काठी घेऊन चालते. पहिल्याच रविवारी गवंडी नेऊन मागची पायरी बसवून घेतली आणि बाजूला हाताला धरावयास लोखंडी कठडा लावला. त्यानंतर दोन-तीन रविवार मी घरभर फिरून काय काय मोडले आहे ते पाहत होतो. ओसरीचा दिवा मिणमिणत होता, नहाणीघरातली फरशी गुळगुळीत झाली होती, कौलांतून एके ठिकाणी पाणी येत होते. ह्यांतले एकही गाऱ्हाणे तिने फोनवर सांगितले नव्हते. आजही ती सांगत नाही. मी विचारले तर म्हणते, "मी बरी आहे." मग मी चहा होईपर्यंत उठतो आणि एकेक खोली पाहून येतो.

परवाच्या रविवारी मुलगा पुण्याहून आला होता. त्याने वही चाळली आणि हसत म्हणाला, "बाबा, ह्या बॅटरीला तर काहीच करावं लागत नाही ना?" मी म्हटले, "पाणी घालावं लागत नाही." आणि त्याच्या हाती किल्ली देऊन म्हटले, "चल, आज गाडी तू चालव. आत्या वाट पाहत असेल."